सांभाळणाऱ्याचा हक्क

बॉस्टनच्या वायव्येला साधारण 35 किलोमीटरवर ॲक्टन हे गाव आहे. नशोबा ब्रुक, ग्रेट हिल, हीथ हेन मेडो अशी गावाच्याच मालकीची कितीतरी राखीव रानं इथे आहेत. त्यांची देखभाल बव्हंशी गावातले स्वयंसेवक करतात. वादळात आडवं झालेलं झाड वाटेवरून हटवायचं, दलदलीवर फळ्यांचे साकव टाकायचे, खोडांवरच्या वाटेच्या खुणा पुन्हा रंगवायच्या, झाडांचा गळा आवळणाऱ्या वेली कापायच्या. मीही त्या कामाला जाते. या देशात माझे पाय रुजले ते याच कामामुळे. म्हणूनच या कामाच्या बाबतीत स्वतःची झडती घ्यावीशी वाटते.

या रानांमागे कायदा भक्कम उभा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1957 मध्ये गावांना कॉन्झर्व्हेशन कमिशन नेमायचा अधिकार दिला. अमेरिकेतला असा तो पहिला कायदा. पुढे 1972 मध्ये राज्यघटनेत 97वं कलम आलं. निसर्गरक्षणासाठी घेतलेली सार्वजनिक जमीन दुसऱ्या कशासाठी वापरायची असेल तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. बांधकामाच्या लोभापासून या जमिनीला एवढं संरक्षण आहे. पण जमिनीवर जीव लावणाऱ्याच्या मनात हळूहळू जी मालकी उगवते, तिच्यावर कुठलंच कलम चालत नाही.

ती मालकी मला माझ्यात दिसते. कुणी कुत्रं मोकळं सोडून चाललं असेल, कुणी आखलेली वाट सोडून ओढ्याकाठी गेलं असेल, तर माझ्या मनात आधी येतो तो राग. तो राग रानाच्या काळजीतून येतो असं मी स्वतःला सांगत आले. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना मोकळ्या कुत्र्यांचा त्रास होतो हे खरंच आहे. तरी नीट पाहिलं की त्या रागात पक्ष्यांचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा असतो तो ‘मी इथे राबते आणि हे लोक नुसते येतात’ या भावनेचा. ज्याने या रानात कधी काडी उचलली नाही त्याचाही या जमिनीवर माझ्याइतकाच हक्क आहे. गावाची जमीन म्हणजे तेच. ही गोष्ट बुद्धीला पटते, पण कोपरापर्यंत चिखलात हात घातलेले असताना मनाला पटवावी लागते.

माझ्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावाच्या सभेत, मत द्यायला नोंदणीकृत मतदार असावं लागतं, म्हणजे आधी नागरिक असावं लागतं. मी नागरिक नव्हते तेव्हा गावाच्या अंदाजपत्रकावर मला हात वर करता येत नव्हता. वेल कापायला या म्हणताना मात्र कुणी कागद विचारले नाहीत. त्या निरपेक्ष स्वागताचं मोल मला आजही शब्दांत सांगता येत नाही. पण मतपेटीने जे दिलं नाही ते मी रानाकडून वसूल करत होते का? इथल्या लोकांनी मला आपलं म्हणावं म्हणून मी जंगल साफ करत होते का? थोडं तसं होतंच. माणसाच्या चांगल्या कामात अशी गरज मिसळलेली असते आणि त्यात मला पाप वाटत नाही. ती गरज निर्णय घ्यायला लागली की मात्र जपावं लागतं.

एका शरद ऋतूत साताऱ्याकडच्या एक काकू मुलाकडे आल्या होत्या. आम्ही बिटरस्वीट नावाची वेल कापत होतो. काकू थबकल्या. पिवळी फळं उकलून आत शेंदरी बिया दिसत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, ही तर मालकांगोणी! हिचं तेल काढतात आपल्याकडे. कशाला तोडतेस?” काकूंची नजर पक्की होती. पूर्व आशियातून शोभेसाठी इथे आणलेली ही वेल आणि सह्याद्रीतली आपली मालकांगोणी एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत. मी त्यांना सांगितलं की इथे ही वेल झाडांना विळखा घालून मारते, म्हणून राज्यात तिच्या विक्रीला बंदी आहे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं. पण ही तोडायची आणि ती ठेवायची, हे ठरवतं कोण?”

नियमाप्रमाणे उत्तर सोपं आहे. गावाची समिती ठरवते. तिच्या बैठका खुल्या असतात, सूचना निदान 48 तास आधी लावावी लागते, कुणीही येऊन बसू शकतं. प्रत्यक्षात येणारे तेच ते. बरेचसे निवृत्त, मनापासून काम करणारे, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे लोक. आणि आता मी. म्हणजे ठरवतो आम्हीच, आणि का ठरवतो, तर आम्ही हजर असतो म्हणून.

हजर असणाऱ्यालाही सगळं कळतं असं नाही. गार्लिक मस्टर्ड ही युरोपातून आलेली लसणाच्या वासाची पालेभाजीसारखी वनस्पती. वसंतात ती उपटायला माणसं उत्साहाने जमतात. लहान मुलांनाही जमणारं काम, पोती भरतात, डोळ्यांदेखत जागा स्वच्छ होते. पण कॉर्नेल विद्यापीठाचे बर्न्ड ब्लॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की ही वनस्पती एका जागी जितकी वर्षं राहते तितकी तिची वाढ आपोआप खालावत जाते. ब्लॉसी यांचं म्हणणं असं की तिला उपटत बसण्याने फारसं साधत नाही. रानाच्या तळच्या झुडपांना खरा उपद्रव आहे तो वाढलेल्या हरणांचा आणि बाहेरून आलेल्या गांडुळांचा. हिमयुगानंतर या भागात देशी गांडुळंच उरली नव्हती. आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणत वाढलो, तर इथे तेच पानांचा थर खाऊन जंगलाची जमीन उघडी पाडतं.

हे वाचून मी अस्वस्थ झाले, आणि त्या अस्वस्थतेचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. रानाचं काही नुकसान झालं का, हा प्रश्न मनात आला तो नंतर. आधी वाटलं ते असं, की आता वसंतातली ती सकाळ जाणार, एकत्र राबण्याचा आनंद जाणार. मला जे काम करायला आवडतं आणि रानाला ज्याची गरज आहे, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. हरणांचं काय करायचं, शिकारीला परवानगी द्यायची का, हा प्रश्न काढला की मतभेद होतात, म्हणून तो मागे पडतो आणि हातमोजे घालून सगळे कामाला लागतात. या टाळाटाळीत मीही सामील आहे. नुसत्या सांभाळण्याने वाचतं असंही नाही. हीथ हेन या पक्ष्यासाठी 1908 मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर राखीव क्षेत्र केलं गेलं. तिथला शेवटचा पक्षी 1932 मध्ये दिसला, त्यानंतर तो जगातून गेला. आमच्या त्या रानाला त्याचं नाव आहे.

आणि नशोबा. 1654 मध्ये जॉन एलियट या धर्मप्रसारकाने आजच्या लिटलटनच्या परिसरात ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांची नशोबा नावाची वस्ती वसवली. वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटल्यावर, 1675–76 च्या हिवाळ्यात, वसाहतीच्या सरकारने अशा शेकडो माणसांना बॉस्टन बंदरातल्या डिअर आयलंडवर डांबलं. थंडीने आणि भुकेने त्यांतली कितीतरी तिथेच मेली. नशोबाच्या शेवटच्या वारसांमध्ये सेरा डब्लेट या स्त्रीचं नाव घेतलं जातं. वृद्धापकाळी तिने उरलेली जमीन दिली ती आपल्या देखभालीच्या मोबदल्यात. हा व्यवहार मला पुन्हा पुन्हा आठवतो. देखभालीचं मोल जमिनीत चुकतं झाल्याची ती नोंद याच भागातली आहे. मी करते ती देखभाल कुठल्याही हक्काचं मोल म्हणून लावायची नाही, एवढं मला तिच्यामुळे लख्ख कळलं.

तर मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. कापायच्या आधी बैठकीत विचारायचं, न आवडणारा प्रश्न कामाच्या यादीत वर ठेवायचा, आणि नुसतं चालायला येणाऱ्याला हिशेब विचारायचा नाही. या गावांतून आता पुष्कळ मराठी घरं आहेत. संध्याकाळी आई-वडिलांना घेऊन तुम्ही याच वाटांवर येता. हातात कात्री घ्यायला सवड नसेल तर राहू द्या. समितीच्या बैठकीला मात्र एकदा येऊन बसा, आणि हे कोण ठरवतं ते आम्हाला विचारा. तो तुमचा अधिकार आहे.