किंमत आणि मोल

देगलूरच्या मोंढ्यात धान्याचा लिलाव होतो, तेव्हा ते पिकविणारा ढिगाशेजारी उभा असतो. भाव चढो वा उतरो, फळ त्याचेच. चित्रकाराचे तसे नाही. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. १९५४ सालचे त्यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र नॉर्वेच्या एका डॉक्टरने घेतले. पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयात अनेक दशके राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे ११८ कोटी रुपये आले. हुसेन २०११ सालीच निवर्तले होते.

या अवधीत चित्रातील एक रेषाही बदलली नव्हती. मग वाढले ते काय? घेणाऱ्यांची चढाओढ. ती अगदीच व्यर्थ गेली असे आम्ही म्हणत नाही. तो पैसा डॉक्टरांच्या शिक्षणासाठी होता. परंतु चित्राचे मोल पहिल्या दिवशीही तेवढेच होते. ते ओळखण्यास डोळा लागतो, आणि तो उसना मिळत नाही. कोटींचे आकडे ऐकून माना डोलविणाऱ्या आम्हा सुशिक्षितांनी स्वतःस एवढेच विचारावे : आज आमच्याच गावात फलक रंगविणाऱ्या होतकरू चित्रकाराचे एखादे चित्र आमच्या भिंतीवर आहे काय?