कॅसेट

बुधवार पेठेत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला कॅसेट म्हटलं की तपकिरी फितीची, गाण्यांची कॅसेट आठवते. कॅम्परव्हॅनमध्ये मात्र कॅसेट म्हणजे संडासाखालची टाकी. ती भरली की गाडीच्या बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडून ओढून काढायची, ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची, निळं औषध घालायचं आणि परत सरकवायची. हे कळायला मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर जावं लागलं.

मुलगी आणि जावई तिकडेच असतात. त्यांनी नऊ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली आणि आम्हा दोघांना बरोबर नेलं. इन्व्हरनेसहून निघून देशाच्या उत्तर टोकाला वळसा घालून परत इन्व्हरनेसला येणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता. २०१५ पासून त्याला ‘नॉर्थ कोस्ट ५००’ म्हणतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कुणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे.

निसर्गाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवतं ते पाणी. आमच्या टाकीत ७० लिटर मावायचं आणि माणसं चार. वरणाची ताटं आधी कागदाने पुसायची आणि मग ओंजळभर पाण्यात विसळायची, हे बायको दुसऱ्याच दिवशी शिकली. सांडपाणीही गाडीखालच्या टाकीत साठायचं. ते रस्त्याकडेला सोडायचं नाही, कॅम्पसाइटवर पोचेपर्यंत बरोबर न्यायचं. म्हणजे सकाळी दात घासताना थुंकलेलं पाणी संध्याकाळपर्यंत आपल्याबरोबर प्रवास करत असतं. घरी नळाखालच्या जाळीतून पाणी गेलं की आपल्यापुरतं ते संपतं. इथे काहीच संपत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डरनेसला पोचलो. कॅम्पसाइट अगदी कड्यावर, खाली पांढरी वाळू. चहा होत होता. कॅसेटचा लाल दिवा लागलेला जावयाने पाहिला आणि तो उठला. मी घाईघाईने उठू लागलो तर म्हणाला, “बाबा, बसा तुम्ही. मी येतो टाकून.” आणि वीसेक किलोची ती पेटी हातात धरून वाऱ्यातून चालू लागला. बायकोने मान खाली घातली. मला चहा गिळवेना. ज्याला अधिक महिन्यात तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं, तो आपला मैला वाहतोय. लाजेने मी अक्षरशः गरम झालो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि लाजेपाठोपाठ एक जुनी गोष्ट वर आली.

आमच्या वाड्यात साठच्या दशकात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून सकाळी एक बाई यायची, खालचं पत्र्याचं दार उचलायची, टोपली ओढायची आणि डोक्यावर घेऊन जायची. कधी आम्ही आत बसलेले असतानाच खालून आवाज यायचा, आणि आम्ही पोरं ओरडायचो, “थांब गं!” माझ्या आजीच्या वयाच्या बाईला. तिला पाणी वरून ओततात, भाकरी लांबून टाकतात, हे आम्ही पाहिलेलं होतं. तिचं नाव काय, हे वाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. जातीचा उल्लेख केला की पुरायचा.

ती माझाच मैला वाहत होती. तेव्हा लाज वाटली नाही, ती पोरवयात वाटणार नाही असं म्हणता येईल. पण नंतरच्या साठ वर्षांतही वाटली नव्हती. जावयाने एकदा उचलला तर झोप उडाली. म्हणजे मला लाज आणली ती घाणीने नव्हे. उचलणाऱ्याच्या मानाने आणली. ज्याला मी मान देतो त्याने वाहिलं तर लाज, ज्याला देत नाही त्याने वाहिलं तर व्यवस्था.

आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही असं नाही. कोकण गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून अडून बसले, अन्नत्यागापर्यंत गेले. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्यासाठी गांधीजींनी उपवास सुरू केला, तो पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात. एका ब्राह्मणाला मैला उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून! डॉ. आंबेडकरांनी मात्र या विचारावर सडकून टीका केली. जे काम माणसावर जन्माने लादलंय त्याला सेवा म्हणून गौरवणं म्हणजे त्याला तिथेच ठेवणं, हा त्यांचा आक्षेप. पटवर्धनांचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो, पण आंबेडकरांचं उत्तर मला टाळता येत नाही. पटवर्धन ते काम मागू शकत होते. बोळातल्या बाईला ते नाकारता येत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला कॅसेट मी नेली. रबरी मोजे, नळ, साबण, सगळं हाताशी. परत येऊन पोटभर जेवलो. याला मी समता वगैरे म्हणणार नाही. सुट्टीतलं नऊ दिवसांचं काम होतं ते. एवढंच झालं की वजन कळलं.

पुण्याला परतल्यावर दोन महिन्यांत आमच्या इमारतीचं चेंबर तुंबलं. वाडा पाडून उभी राहिलेली ही इमारत, पण बोळ तोच. शेजाऱ्यांनी एका माणसाला बोलावलं. तो खाली उतरून हाताने काढणार होता. मी म्हटलं, २०१३ च्या कायद्याने हे करता येत नाही, जेटिंगची गाडी बोलवू. “काका, गाडी बोळात शिरत नाही, दोन दिवस जातील. हा अर्ध्या तासात मोकळं करतो. त्याचीही मजुरी बुडवताय तुम्ही.” शेवटचं वाक्य खरं होतं. त्या माणसाने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी त्याला ठरलेले पैसे दिले. ते त्याने घेतले, पण उद्याच्या कामाचं काय, हे त्याच्या नजरेत होतंच.

दोन दिवस जिन्यात उभं राहवत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मग गाडी आली, रस्त्यावर थांबली, आणि दोघांनी जाड पाइप बोळातून ओढत आणला. चेंबरमध्ये कुणी उतरलं नाही. दोघांच्याही पायांत गमबूट होते. हातमोजे मात्र एकाकडेच होते. दुसऱ्याचे कुठे, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मला ते गाडी निघून गेल्यावर सुचलं.