थांबण्याची ऐपत

२०२२-२३ च्या हंगामात यवतमाळ, वर्धा, अकोला, जळगाव या पट्ट्यातल्या असंख्य घरांत उन्हाळा लागला तरी कापूस पडून होता. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांच्या वर, काही ठिकाणी बारा हजारांपर्यंत भाव मिळाला होता. या वर्षी तो आठ-नऊ हजारांवर सुरू झाला आणि उतरत राहिला. पुन्हा चढेल या आशेवर लोकांनी माल बाजारात नेला नाही. पण कापूस काही गव्हासारखा पोत्यात भरून थप्पी लावून ठेवता येत नाही. तो फुगून राहतो, पुढची खोली व्यापतो, ढीग आढ्याला लागतो. घरची माणसं ओसरीवर झोपतात. एका भिंतीपलीकडे चूल असते, तेव्हा ठिणगीची धास्ती वेगळीच. दिवस जातील तसा ओलावा उडून वजन घटतं, पांढऱ्या मालावर पिवळट झाक येते, बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. त्या वर्षी घरात साठवलेल्या कापसामुळे अंगावर पुरळ उठल्याच्या बातम्या विदर्भ-खानदेशातून येत होत्या. अखेर पेरणी तोंडावर आली, भाव सात हजारांच्या आसपास उतरला आणि ज्यांनी इतके महिने कळ काढली त्यांनी तो त्याच भावाला घातला.

याच पिकाचा दुसरा शेतकरी अमेरिकेत टेक्सासमधल्या लबकच्या परिसरात असतो. त्याचा कापूस जिनमधून निघून गाठ बांधून मान्यताप्राप्त गोदामात जातो. गोदामाची पावती तारण ठेवून त्याला कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाकडून ठरलेल्या दराने नऊ महिन्यांचं कर्ज मिळतं. या मुदतीत भाव चढला तर गाठी विकून त्यानं कर्ज फेडावं. भाव पडला तर कमी दराने फेड करावी, किंवा गाठी सरकारच्या हवाली करून मोकळं व्हावं. उरलेल्या रकमेसाठी त्याच्या जमिनीवर कुणी जप्ती आणत नाही. ही सोय आजची नाही. १९३३ साली, महामंदीत कापूस मातीमोल झाला असताना, हे महामंडळ स्थापन झालं आणि त्यानं सुरुवातीलाच कर्ज दिलेल्या पिकांत कापूस होता. म्हणजे थांबतात दोन्ही शेतकरी. एकाचं थांबणं राज्यसंस्थेनं अंगावर घेतलेलं असतं. दुसऱ्याचं थांबणं त्याच्या पुढच्या खोलीत, त्याच्या पोरांच्या अंगावर असतं.

जागतिक विषमतेची चर्चा बहुतेक वेळा उत्पन्नाच्या आकड्यांनी सुरू होते आणि तिथेच संपते. कोण किती कमावतो हे महत्त्वाचं आहेच. पण बाजारात दोघे समोरासमोर येतात तेव्हा सौद्याचा निकाल ठरवणारी गोष्ट वेगळी असते: आज विकलं नाही तर कोणाचं अडतं आणि कोणाचं नाही. थांबण्याची ऐपत हे विषमतेचं खरं माप आहे, असं मला वाटतं. ॲडम स्मिथनं १७७६ सालीच मजुरीच्या वादाबद्दल हे ओळखलं होतं. मालक वर्ष-दोन वर्षं आपल्या साठ्यावर तग धरू शकतो, कामगाराला आठवडाही जड जातो, असा त्याचा मुद्दा होता. मुंबईनं हे १८ जानेवारी १९८२ नंतर अनुभवलं. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि वर्षाहून अधिक काळ टिकले, याचं एक मोठं कारण म्हणजे कोकणात, साताऱ्याकडे गावी थोडी जमीन, थोडं धान्य, भावकीचा आधार होता. म्हणजे त्यांच्याकडेही थांबण्याची थोडी ऐपत होती. पण मालकांकडे पडून असलेला माल, यंत्रमागांवरून काढून घेता येणारं कापड आणि पायाखालची गिरणगावची जमीन यांच्यापुढे ती तोकडी पडली. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. उत्पन्न आणि संपत्ती यांतला फरकही इथेच उलगडतो. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला उत्पन्नाचा सुमारे साडेआठ टक्के भाग येतो, पण संपत्तीचा अवघा दोन टक्के. उत्पन्नावर माणूस जगतो, संपत्तीवर तो थांबतो.

ही ऐपत कमी-जास्त होण्यामागे इतिहास आहे, आणि कापसाच्या बाबतीत तो वऱ्हाडात स्पष्ट वाचता येतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेच्या दक्षिण भागातून, गुलामांच्या श्रमातून येत होता. १८६१ त तिथे यादवी पेटली, तो पुरवठा तुटला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. बॅक बेच्या समुद्रात भराव घालण्याच्या कंपन्यांच्या शेअरांवर शहर वेडं झालं. १८६५ त युद्ध संपलं, भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. शहरातल्या या पडझडीच्या कथा आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. वऱ्हाडात त्यानंतर जे घडलं त्याच्याकडे तितकं लक्ष गेलं नाही. भाव ओसरला तरी कापूस ओसरला नाही. १८६७ त रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, सारा रोख भरायचा होता आणि रोख देणारं पीक एकच होतं. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. पूर्वी ज्वारी पेवात घालून वाईट वर्ष काढता येत असे. भुयारातलं ते धान्य म्हणजे शेतकऱ्याची थांबण्याची ऐपतच होती. पेवं रिकामी होत गेली आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा या काळ्या कसदार जमिनीच्या मुलखात माणसं मेली. रेल्वेनं वऱ्हाड जगाशी जोडलं हे खरं. ज्यांच्याकडे गोदाम, भांडवल आणि लिव्हरपूलच्या भावाची तार होती ते त्या जोडणीचा उपयोग करून घेऊ शकले. ज्यांच्याकडे पेव होतं, त्यांचं तेवढं गेलं.

व्यापाराचे नियम सगळ्यांना सारखे असले तर ही दरी बुजेल, अशी आशा जागतिक व्यापार संघटनेनं दाखवली होती. कापसात तिची परीक्षा झाली. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कापूस पिकवणारे जेमतेम पंचवीस हजार शेतकरी होते आणि त्यांना वर्षाला तीन अब्ज डॉलरांच्या वर सरकारी मदत मिळत होती. त्या मदतीच्या बळावर तिथला कापूस पडलेल्या भावातही पिकत राहिला आणि भाव आणखी दाबत राहिला. ब्राझीलनं २००२ साली तक्रार केली, २००५ पर्यंत निकाल त्याच्या बाजूनं लागला, आणि बरीच ओढाताण होऊन २०१४ त अमेरिकेनं ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बारा वर्षं खटला लढवणं, वकिलांची फौज पोसणं, प्रतिशुल्काची धमकी देऊन वाट पाहणं ब्राझीलला जमलं. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला. त्यांच्या निर्यातीत कापसाचं स्थान ब्राझीलहून कितीतरी मोठं होतं. त्यांच्या पदरात मुख्यतः घोषणा आणि समित्या पडल्या. न्याय एकच होता, पण तो मिळेपर्यंत थांबण्याची ताकद सारखी नव्हती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ब्रांको मिलानोविच यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आहे की गेल्या तीन-चार दशकांत जगातल्या माणसामाणसांतली उत्पन्नाची विषमता एकंदरीत कमी झाली, आणि ती मुख्यतः आधी चीनच्या, मग भारताच्याही वाढीमुळे. मग हा सगळा खेद कशासाठी? ही घट खरी आहे आणि ती लहान मानणं अप्रामाणिकपणाचं होईल. विदर्भातल्या खेड्यातही आज मोटारसायकल आहे, मोबाइल आहे, मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जाते. परंतु याच खेड्यात उत्पन्नाबरोबर बियाण्याचा, फवारणीचा, शिक्षणाचा आणि दवाखान्याचा रोखीचा खर्चही वाढला. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा उत्पादन वाढलं, पण दर वर्षी बियाणं विकत घेणं आलं, आणि पुढे गुलाबी बोंडअळीनं त्यालाही दाद दिली नाही. कृषी केंद्रातून बियाणं-खत उधार घेतलेला शेतकरी पहिल्या वेचणीलाच माल काढतो, कारण उधारी चुकती केल्याशिवाय पुढचं मिळत नाही. उत्पन्न दुप्पट झालं आणि अडून राहण्याची सवड निम्मी झाली, तर तो माणूस सधन झाला की अधिक अगतिक, हे उत्पन्नाच्या तक्त्यातून कळत नाही.

दुसरा आक्षेप घरातलाच आहे. महाराष्ट्रानं शेतकऱ्यासाठी थांबून पाहिलं आणि हात पोळून घेतले. १९७१ च्या कायद्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पुढच्या वर्षापासून राज्यात कापूस घेणारं एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे सरकार. माल देताना हमीची रक्कम, आणि गाठी चढ्या भावात विकल्या गेल्या तर नंतर त्यातला वाटा, अशी मूळ कल्पना होती. ती मला आजही थोर वाटते, कारण थांबण्याचं ओझं शेतकऱ्याच्या खोलीतून उचलून सार्वजनिक गोदामात नेण्याचा तो प्रयत्न होता. बिघडलं ते असं की राज्यानं थांबण्याचा हक्क देण्याऐवजी विकण्याचा हक्कच काढून घेतला. बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात मध्य प्रदेशात, आंध्रात जाई. कमी असला की सगळा योजनेच्या दारात येई आणि तोटा तिजोरीवर पडे. प्रतवारी करणाऱ्याच्या हातात शेतकऱ्याचं वर्ष सापडलं. चुकाऱ्याला महिने लागत, म्हणजे ज्याच्यासाठी थांबायचं त्यालाच पुन्हा थांबवलं जाई. २००२ नंतर खासगी खरेदी खुली झाली आणि योजना मागे पडली. यावरून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या विचारानं चालणारे म्हणतील की सरकारनं बाजारातून हात काढावा, भाव आपोआप मिळेल. सरकार शेतमालाचे भाव पाडतं, हे त्यांचं निदान मला पटतं. पण बाजार कितीही खुला असला तरी दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत विकावंच लागणाऱ्याला आवकेच्या लोंढ्यातला भाव मिळतो. एकाधिकारातून घ्यायचा धडा वेगळा आहे: खरेदीची सक्ती नको, तारणाची सोय हवी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. तूर, सोयाबीन, हळदीला ती उपयोगी पडते. कापसाची अडचण अशी की सरकीसकट तो साठवणं धोक्याचं, त्यामुळे जिनिंग करून गाठ बांधेपर्यंत शेतकऱ्याची मालकी टिकली तरच तारण शक्य आहे. आज ती मालकी जिनिंगच्या फाटकात, वजनकाट्यावरच संपते.

कापड गिरण्यांची बाजूही आहे. तिरुप्पूर किंवा इचलकरंजीतल्या मजुराचं पोट रास्त भावाच्या सुतावर अवलंबून असतं, आणि महाग कापसामुळे तो बेकार झाला तर विषमता एका गरिबाकडून दुसऱ्याकडे सरकते, एवढंच. हे मान्य करूनच २०२५ कडे पाहावं लागतं. अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वॉशिंग्टनच्या निर्णयाचा धक्का गिरणीला बसू नये म्हणून हे केलं, आणि गिरणीला आधार हवाच होता. पण मुदत वाढवली ती नेमकी नवा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर होता, खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली होते. हमीभावानं खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर जायचं तर ॲपवर नोंदणी, सातबारा, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत. पावसाळा लांबलेल्या वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस एवढा कोरडा असत नाही. तो वाळेपर्यंत ज्याला थांबता आलं त्याला हमीभाव मिळाला. ज्याला नाही, त्यानं गावात आलेल्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर घातला.

आणि या साखळीच्या टोकाला शेतकरी नाहीच, वेचणारी बाई आहे. बहुतेक वेळा भूमिहीन, पुष्कळदा दलित किंवा आदिवासी. सकाळी दव असताना ती कमरेला ओटी बांधून तासात उतरते, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडून घेत किलोच्या हिशेबानं वेचते, आणि संध्याकाळी धुऱ्यावर तिचं गाठोडं काट्याला लागतं. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही तर तो वेचाईचे पैसे पुढे ढकलू पाहतो. त्याचं थांबणं तेव्हा तिच्या उधारीवर चालतं. म्हणून तारण योजनेची मागणी करताना तिच्या मजुरीचा हिस्सा त्या कर्जातून आधी चुकता व्हावा, अशी अट घालायला हवी. तिला कापसाच्या भावाची वाट पाहता येत नाही. गावचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो, आणि त्या दिवशी तिला तेल-मीठ घ्यायचं असतं.