डुकराची उणीव की खाद्याची?

मका, गहू, बार्ली आणि सोयाबीनची पेंड यांत जो फॉस्फरस असतो, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटिक आम्लात अडकलेला असतो. इनॉसिटॉलच्या कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेला हा रेणू म्हणजे बीजाने उगवणाऱ्या रोपासाठी राखून ठेवलेला साठा. तो फोडायला फायटेज हे विकर लागते. गायी-म्हशींच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव ते तयार करतात. डुकराच्या आतड्यात ते पुरेसे नसते. त्यामुळे वाढत्या डुकराच्या खाद्यात फॉस्फरस भरपूर असूनही त्याच्या हाडांना तो पुरत नाही, आणि न पचलेला भाग विष्ठेवाटे शेतात व तिथून पाण्यात जातो. पशुपोषणशास्त्र याकडे डुकराची मर्यादा म्हणून पाहते. ही उणीव खरोखर कोणाची, आणि ती भरून काढताना बदल खाद्यात करावा, प्राण्यात करावा की पालनाच्या पद्धतीत, हा मात्र नीतिशास्त्राचा प्रश्न आहे.

जुना उपाय सरळ होता: खाणीतल्या फॉस्फेट खडकापासून केलेले डायकॅल्शियम फॉस्फेट खाद्यात मिसळायचे. डुकराची गरज त्याने भागत असे. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे. ते घडवता येत नाही आणि सजीवांच्या पेशीत त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. खडकाचे ज्ञात साठे मोजक्या देशांत आहेत, त्यांतला फार मोठा वाटा मोरोक्को आणि पश्चिम सहारात. हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने 1979 साली ‘जबाबदारीचे तत्त्व’ मांडले. तंत्रज्ञानाची पोच जितकी लांब, तितके अजून न जन्मलेल्या माणसांविषयीचे कर्तव्यही लांब जाते, हा त्याचा गाभा. तो येथे अक्षरशः लागू पडतो. पचण्याजोगा करता येणारा फॉस्फरस पेंडीत असताना खाणीतला वापरणे म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचा साठा विनाकारण खर्च करणे होय.

पाण्याचे नुकसान तर डोळ्यांना दिसते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने 1973 मध्ये ‘226 क्रमांकाचे सरोवर’ प्लास्टिकच्या पडद्याने दोन भागांत विभागले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू शैवालाने हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. गोड्या पाण्याचा ऱ्हास कशामुळे होतो यावरचा वाद त्यानंतर बराचसा मिटला.

नेदरलँड्सला हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भेडसावला. लहानशा भूमीवर लाखो डुकरे, त्यांचा चारा समुद्रापलीकडून आलेला, आणि विष्ठा मात्र तिथल्याच वाळूच्या जमिनीत. 1984 साली तिथे डुक्कर व कोंबडीपालनाच्या विस्तारावर कायद्याने निर्बंध आले. त्याच देशात 1991 मध्ये ‘ॲस्परजिलस नायजर’ बुरशीपासून मिळवलेले फायटेज खाद्यात मिसळण्यासाठी बाजारात आले. पोटाच्या आम्लात ते फायटिक आम्लाचे एकेक फॉस्फेट सोडवते. खनिज फॉस्फेट कमी घालावे लागते आणि विष्ठेतला फॉस्फरस साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतो. यात डुकराला नवे फारसे काही मिळत नाही. खनिज फॉस्फेटवरही त्याची हाडे नीट वाढतच होती. लाभ होतो तो नदीला, खाद्याच्या खर्चाला आणि भावी पिढ्यांना. या विकराची नैतिक बाजू मांडताना प्राणिकल्याणाचे नाव घेतले जाते, तेव्हा हे स्पष्ट सांगायला हवे.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने वेगळी वाट धरली. ‘ई. कोलाय’ जिवाणूतील फायटेजचे जनुक तिथल्या संशोधकांनी डुकरात घातले, असे की विकर लाळेतच तयार व्हावे. 1999 मध्ये जन्मलेल्या या वाणाला ‘एन्व्हायरोपिग’ म्हटले गेले. या डुकरांच्या विष्ठेतला फॉस्फरस 75 टक्क्यांपर्यंत कमी आढळला. परिणाम तोच, किंबहुना अधिक. मग खाद्यात विकर घालणे आणि प्राण्यात जनुक घालणे यांत नैतिक फरक कोणता?

ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक जीवाला स्वतःचे साध्य असते. ती कल्पना बर्नार्ड रोलिन या अमेरिकी तत्त्वज्ञाने पाळीव प्राण्यांना लावली आणि डुकराच्या डुकरपणाचा मान राखण्याचा आग्रह धरला. तरीही जनुकीय बदल त्याने सरसकट नाकारला नाही. बदललेला प्राणी मूळ वाणापेक्षा वाईट अवस्थेत नसावा, एवढीच त्याची अट. त्या कसोटीवर निरोगी एन्व्हायरोपिग उत्तीर्ण ठरते. पण ही कसोटी अपुरी आहे. प्राणी कसा जगतो एवढेच ती विचारते. तो कशासाठी घडवला गेला, हे विचारत नाही. 2012 मध्ये वराहपालकांच्या संघटनेने एन्व्हायरोपिगचा निधी थांबवला आणि ते कळप मारून टाकण्यात आले. ज्या जीवाच्या अस्तित्वाचे कारणच माणसाच्या सांडपाण्याची अडचण असते, त्याचे अस्तित्व त्या कारणाबरोबरच संपते. खाद्यातले विकर उद्या बंद केले, तर डुक्कर डुकरासारखेच राहते.

शिवाय उणीव डुकराची, हे गृहीतकच तपासून पाहावे लागते. माणसाच्या आतड्यातही फायटेज नगण्यच असते. मटकीला मोड आणले, पीठ आंबवले की धान्यातले स्वतःचे फायटेज जागे होते आणि फॉस्फरस, लोह, जस्त मोकळे होते. म्हणून माणसाला कोणी सदोष ठरवत नाही. अन्नावरच संस्कार केले जातात. रानात उकरून मुळे, किडे, फळे खाणाऱ्या डुकराचे तर काहीच अडत नव्हते. मका आणि सोयाबीन या दोन्हींत स्वतःचे फायटेज अल्प असते. त्यांवरच वाढवायचे ठरवले, तेव्हा ही उणीव निर्माण झाली.

म्हणून तिन्ही पर्यायांत खाद्यावरचा संस्कार सर्वांत न्याय्य ठरतो. त्याने पालनाच्या पद्धतीचा प्रश्न मात्र सुटत नाही. जिथे विष्ठेवरची मर्यादा दर हेक्टरी फॉस्फेटच्या किलोंत मोजली जाते, तिथे दर डुकरामागे वाचलेला फॉस्फरस दोन प्रकारे वापरता येतो: पाण्यावरचा भार हलका ठेवण्यासाठी, किंवा त्याच जमिनीवर आणखी डुकरे ठेवण्यासाठी. दुसरा मार्ग घेतला तर नदीत जाणारा फॉस्फरस पूर्वीइतकाच राहतो, आणि बंदिस्त जागेत वाढणाऱ्या प्राण्यांची संख्या तेवढी वाढते.