देवाला मुदत घालणारा तू कोण?

खाली बस. उभ्या उभ्या ऐकून सटकायचं हे प्रकरण नाही.

काल फोनवर काय म्हणालास? "गुरुजी, देवावरचा विश्वासच उडाला." बरं. मुळात बसला होता का कधी? माघात आईला अर्धांगवायूचा झटका आला, आत्ता कुठे ज्येष्ठ लागलाय. तेवढ्यात अक्कलकोट झालं, गाणगापूर झालं, पंढरपूर झालं, परवा तुळजापूरही उरकलंस. एका देवाला पंधरवडा द्यायचा, गुण आला नाही की पुढचं दार. पार्सल कुठवर आलं म्हणून मोबाइल चाळावा, तसा रोज संध्याकाळी तिच्या हाताकडे बघतोस. हा निव्वळ तगादा आहे, आणि तोही ज्यानं तुझं काही देणं ठेवलेलं नाही त्याच्याकडे.

शिवाय पंढरपुरात कुणाच्या तरी ओळखीनं रांगेत मध्येच घुसलास, ते मला कौतुकानं सांगतोस? आळंदीहून अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे पायी आलेली म्हातारी माणसं आषाढीला दर्शनबारीची लांबी बघतात, नामदेवाच्या पायरीशी डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि गावची एसटी धरतात. विठोबाचं तोंडही बघितलेलं नसतं. घरी पेरणी खोळंबलेली असते ना! पुढच्या वर्षी पुन्हा चालत येतात. त्यांच्यातल्या एखाद्याला जाऊन विचार, एवढं चालून मिळालं काय म्हणून. तुझ्याकडे बघून हसेल तो.

देवाशी भांडू नकोस असं मी म्हणत नाही. खुशाल भांड. तुकोबा काय कमी भांडले? १६३० च्या दुष्काळात बायको अन्नाविना गेली, धंदा बसला. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायची पाळी आली, तेव्हा देहूला नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले, असं परंपरा सांगते. विठोबाला नाही नाही ते सुनावलं त्यांनी. पण उठून दुसऱ्या देवळात गेले नाहीत. भांडायलाही एका जागी ठाण मांडावं लागतं, गड्या. तुझा पाय कुठे ठरतोय?

आता खरं दुखणं काढतो. परवा तुझ्या घरी गेलो होतो. तू तुळजापूरला. आईजवळ शेजारची पोरगी बसवलेली, ती मोबाइलमध्ये दंग. भिंतीवर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी चिकटवलेला तक्ता: टॉवेल पिळणे, मऊ चेंडू दाबणे, एकेक बोट उघडणे, दिवसातून तीन वेळा. पुढे खुणा करायला चौकटी. पहिल्या आठवड्याच्या चौकटी भरलेल्या, त्यापुढच्या साऱ्या कोऱ्या. खाली खिडकीत अंगाऱ्याच्या पुड्या मात्र ओळीनं मांडलेल्या. चेंडू पलंगाखाली सापडला, धूळ पुसून तिच्या उजव्या तळहातावर ठेवला. करंगळी वळली, अनामिका वळली, बाकीची बोटं जागची हलली नाहीत. दोनदा दाबून माउली घामाघूम झाली. मग म्हणाली, "त्याला सांगू नका हं गुरुजी, उगाच वाईट वाटेल पोराला."

मी सांगतोय. वाईट वाटलंच पाहिजे.

असा हात पुन्हा शिकतो तो तेच तेच हजारदा करून, महिनोन् महिने. सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे, हे डॉक्टरांचं बोलणं तूच मला ऐकवलं होतंस. ते महिने तू एसटीत घालवलेस.

चौथीच्या वर्गात गोष्ट सांगितली होती मी, आठवतेय? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. देव दारात आला. यानं हात न थांबवता वीट भिरकावली, म्हणाला, उभा राहा जरा. देव उभा राहिला. पुंडलिकाचं देऊळ पंढरपुरातच चंद्रभागेच्या वाळवंटात आहे. ओळखीच्या रांगेच्या नादात तेही राहिलं असेल तुझं. त्या गोष्टीत ताटकळतोय कोण, सांग बघू. आणि तू आईला पलंगावर टाकून देवामागे धावतोस, तेही म्हणे तिच्याचसाठी!

खरं सांगू? तिच्याजवळ बसायची तुला भीती वाटते. तो लुळा हात हातात घेतला की आज काही फरक नाही हे कळतं, उद्याही नसेल हे कळतं. ते सोसत नाही म्हणून प्रवास. कळतं मला, दगड नाही मी. पण थांबणं म्हणतात ते तिथेच असतं, त्या पलंगापाशी. हात पुरता सुधारेल की नाही ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. तेवढं देवावर सोड. चेंडू दाबून घ्यायचं काम मात्र त्याच्यावर ढकलू नकोस.

शनिवारचं शिर्डीचं तिकीट काढलंयस म्हणे. रद्द कर. पैसे कापले जातील, जाऊ देत. शनिवारी संध्याकाळी मी येतोय. तक्त्यावर रोजच्या तीन खुणा दिसल्या पाहिजेत. आणि त्या मी आईला विचारून ताडून बघणार आहे. गृहपाठाच्या वहीवर बापाची सही तूच ठोकायचास, ते अजून विसरलेलो नाही.