नामाचे साधुत्व आणि नामाची यथार्थता

कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने मोजतात, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी तेथील मोजपट्टीवर फुटांत वाचून 40 फुटांना इशारा व 45 फुटांना धोका मानतात. आता या राशींना एखाद्या नियंत्रणप्रणालीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत कोणी नुसते ‘पातळी’ हे नाव दिले, तर ती फाइल लिहिण्याचे साधन, म्हणजे एडिटर, पहिल्या नोंदीस काहीच हरकत घेणार नाही आणि दुसरीच्या वेळी फार तर नाव पुन्हा आल्याची तक्रार करील.

एडिटरची रुजुवात बारनिशीच्या कारकुनासारखी असते. आय.ई.सी. 61131-3 या, यंत्रनियंत्रकांच्या प्रोग्रामिंग भाषांसाठी 1993 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकाप्रमाणे नावाचा आरंभ अंकाने नसावा, मध्ये रिकामी जागा नसावी, भाषेचे राखीव शब्द नाव म्हणून घेऊ नयेत. रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेद तेथे मानीत नाहीत. हे सारे पाळले की नाव साधू ठरते. परंतु साधू नाव यथार्थही असते काय?

कोयनेच्या या सातारा मुलखात हा प्रश्न परका नाही. वाईच्या ज्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, तेथील मीमांसक शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य, कोणाही पुरुषाने न निर्मिलेला असा मानणार. नैयायिक उलट म्हणणार की, अमुक पदाने अमुक अर्थ समजावा अशी ईश्वराची इच्छा हाच तो संबंध होय. यंत्राच्या राज्यात नैयायिकाचा पक्ष निर्विवाद विजयी झाला आहे, कारण तेथे संकेताशिवाय दुसरे काहीच नाही. मात्र ईश्वराच्या जागी एक अभियंता बसलेला असतो, आणि कंत्राटाची मुदत संपली की हा ईश्वर निघून जातो, संकेत तेवढा दप्तरी राहतो.

वैयाकरण पतंजलीने मान्य केले होते की अर्थबोध अपशब्दानेही होतो, साधू शब्दाचा नियम धर्मासाठी आहे. यंत्राला हे औदार्य नाही. ते एडिटरने दाखवावे, रिकाम्या जागी मुकाट्याने अधोरेषा घालून नाव सुधारून द्यावे, असे काहींना वाटते; मला ते अनिष्ट वाटते, कारण अशा दुरुस्तीने दोन भिन्न नावे नकळत एकरूप होतात. त्याने चूक दाखवावी, नाव आधी घोषित केलेल्या नावांच्या यादीत आहे की नाही ते सांगावे, एकक विचारावे, आणि थांबावे.

खरे भय सुरूप पण अयथार्थ नामाचे. कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. समजा, अशा कोणत्याही धरणावर तिसऱ्या दाराचे निर्दोष नाव चौथ्या दाराच्या तारेला जोडले गेले, तर कोणते व्याकरण ते ओळखणार? अनुमानही तेथे पंगू आहे. तेथे प्रत्यक्ष हेच प्रमाण: एकाने दारापाशी उभे राहावे, दुसऱ्याने नियंत्रणकक्षात, दार थोडे हलवावे, आणि पडद्यावर कोणते नाव हलते ते पाहावे. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळून पुढे सांगलीला जाते. म्हणून ज्यांच्या हाती असे दरवाजे आहेत त्यांनी एडिटरच्या मंजुरीवर न विसंबता ही परीक्षा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावी.