झाकलेली सेवा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



बडोद्याहून, बेळगावहून, हैदराबादहून या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारणा केली आहे की, इंदूरजवळच्या आपल्या शेतावर आठ-पंधरा दिवस राहून सेवा करायची इच्छा आहे, तिथे काम काय असतं? कामांची यादी शेवटी दिली आहे. पण त्या सगळ्या कामांमागे एक सूत्र आहे. ते उमगलं तर यादीतलं कुठलंही काम वाट्याला आलं तरी आनंदच होतो. नाही उमगलं, तर आंब्याची दहा रोपं लावूनही मन कोरडंच राहतं. म्हणून आज त्या सूत्राचं थोडं चिंतन करू या.

आपली जमीन जेमतेम सव्वा एकर. शेतीची पद्धत पर्माकल्चरची. हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधला. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी १९७८ साली या विषयावरचं पहिलं पुस्तक काढलं. कायम टिकणारी शेती, असा त्याचा सरळ अर्थ. जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि गरजेपुरतं ठेवून बाकीचं वाटून टाकणं, ही त्यातली तीन मूळ तत्त्वं. आपल्याला ती नवीन वाटायचं कारण नाही. २०१७ साली याच विषयाची जागतिक परिषद हैदराबादला भरली होती, तेव्हा तिकडच्या मंडळींना हे नाव परिचयाचं असेल. बडोद्याच्या मंडळींना उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावचे भास्कर सावे माहीत असतील. जपानचे फुकुओका त्यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी पाहायला आले होते. या फुकुओकांच्या जगप्रसिद्ध पुस्तकाचं नावच मुळी एका काडीवरून आहे. भाताची काडी शेतातच पसरून जमीन झाकायची, हा त्यांच्या शेतीचा प्राण.

आपल्या शेतावर येणाऱ्याला पहिला धडा मिळतो तोही हाच. माती उघडी ठेवायची नाही.

माळव्यात पावलोपावली पाणी असल्याची म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एप्रिलमध्ये उघड्या काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून आतली ओल उडून जाते. पाऊस आला की पहिल्या सरींचा मार उघड्या मातीवर बसतो आणि वरचा कसदार थर वाहून जातो. एक एकरावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर चार हजार लिटर पाणी पडतं. पंचवीस मिलीमीटरची एक चांगली सर म्हणजे लाखभर लिटर. देव देतो ते एवढं! घ्यायला जमीन तयार नसली तर ते सगळं ओढ्याला जातं. तीच जमीन पालापाचोळ्यानं, गव्हाच्या काडानं, सोयाबीनच्या कुटारानं वीतभर झाकलेली असेल तर थेंबाचा मार काड सोसतं आणि पाणी हळूहळू आत मुरतं. आच्छादनाखाली गांडुळं वर येतात. वर्षभरात ते काड कुजून मातीच होतं. त्यानं काय काय केलं, हे वरून पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणं सांगितली. पहिलं अमानित्व, दुसरं अदंभित्व. अदंभित्व म्हणजे काय ते समजावताना ज्ञानेश्वर माउलींनी बरेच दृष्टान्त दिले, त्यांत एक शेतकऱ्याचा आहे. पेरलेलं बी शेतकरी जसा मातीआड करतो, तसा ज्ञानी आपलं दानपुण्य झाकतो, असा त्याचा भाव. पोथीत हे आपण कितीदा वाचलं असेल. शेतावर ते हातांनी करावं लागतं. बी उघडं ठेवलं तर पाखरं टिपतात, ऊन करपवतं. लोकांना दिसावं म्हणून कुणी बी मातीवर मांडून ठेवत नाही. मग सेवा मात्र आपण मांडून का ठेवतो?

गुरुपौर्णिमेला शेतावर साठ रोपं लागली. चाळीस-पन्नास जण आले होते, फोटो निघाले, ग्रुपवर आले, सगळ्यांना आनंद झाला. हे चांगलंच आहे. पण रोप लावायला दहा मिनिटं लागतात आणि जगवायला तीन उन्हाळे. प्रत्येक रोपाशेजारी मातीचा एक मटका गळ्यापर्यंत पुरला आहे. त्यातून पाणी झिरपत मुळाशी जातं. उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी साठ मटके भरायचे असतात, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही नाही. पाणी मटक्यात जातं, मटका मातीत आहे, मूळ त्याहून खाली आहे. सगळंच झाकलेलं. झाड जगतं ते याच कामावर.

इथे कुणी म्हणेल, फोटो पाहूनच दुसऱ्याला प्रेरणा मिळते, मग तो काढायचाच नाही का? काढावा की. पण अंकुर वर यायची वेळ झाली की तो आपणच माती फोडून वर येतो, आपण उकरून दाखवायला जात नाही. झाड दाखवू या. लावणारा हात दाखवायची घाई नको. आणि आणखी एक. झाकायचं ते आपलं नाव. हिशेब झाकायचा नसतो. शेताला आलेली देणगी आणि झालेला खर्च दर महिन्याला फळ्यावर लिहिला जातो तो याचसाठी.

आता जरा अवघड विषय.

शेतावर संडास खताचा आहे. शेजारी शेजारी दोन टाक्या. प्रत्येकानं वापरानंतर वरून राख आणि सुका पाला टाकायचा. एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी वापरायची. बंद टाकी वर्षभर तशीच ठेवली की आत निव्वळ माती होते, तिला वाससुद्धा राहत नाही. हेच सोनखत. ते आपण भाजीला घालत नाही, फळझाडांच्या आळ्यात घालतो. रोजचं काम एवढंच की जागा धुऊन घ्यायची, राख-पाल्याचं पिंप भरून ठेवायचं, आणि वर्षातून एकदा टाकी उघडून खत काढायचं.

सेवेचा फळा पाहिलात तर स्वयंपाकाच्या रकान्यात नावं दाटीवाटीनं असतात. आरतीच्या, रोपवाटिकेच्या रकान्यातही असतात. सोनखताचा रकाना मात्र आठवडेच्या आठवडे रिकामा. गेल्या वर्षी बैठकीत एक सूचना आली की, शेतावर राहणाऱ्या कामगार दादांना महिन्याला पाचशे रुपये जास्त द्यावेत आणि हे काम त्यांच्याकडे सोपवावं. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गुरुदेवांनी ती मान्य केली नाही. जो शेतावर जेवेल तो सोनखताचीही पाळी घेईल, असा नियम झाला. काहींना हा नियम कडक वाटला. त्यावरून दोन कुटुंबं यायची थांबली, हेही खरं आहे.

कोकणातल्या, गोव्याच्या मंडळींना कणकवलीचा गोपुरी आश्रम ठाऊक असेल. तो काढला अप्पासाहेब पटवर्धनांनी. तत्त्वज्ञान शिकलेला, ब्राह्मण घरातला हा माणूस. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचं काम मागितलं. तुम्ही ब्राह्मण, तुम्हाला ते देता येत नाही, असं उत्तर आलं, तर त्यांनी उपोषण केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजीही येरवड्याच्या तुरुंगात उपाशी राहिले. विनोबाजी पवनारहून शेजारच्या सुरगावला रोज खांद्यावर फावडं घेऊन सफाईला जात. गाडगेबाबांचा खराटा तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. हार घालणारा हात राखेच्या पिंपापाशी का थबकतो, हे ज्यानं त्यानं एकांतात स्वतःला विचारावं.

इथे या सूत्राची दुसरी बाजू येते, आणि ती समजली नाही तर पहिली बाजू धोक्याची ठरते. मी एक गृहिणी आहे, म्हणून हे जरा स्पष्टच लिहिते. घरातलं बाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या झाकलेलंच आहे. पहाटे उठून चार माणसांचे डबे करणारी सून, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी लेक, यांचं काम कुणी पाहत नाही. मग कीर्तनात कुणीतरी म्हणतं, ही केवढी निष्काम सेवा! ती सेवा तेव्हाच, जेव्हा तिनं स्वतः होऊन पत्करलेली असते. तिला विचारलंच नसेल, तर ती वेठ आहे. वेठीला सेवा म्हटलं की घेणाऱ्याची सोय होते, करणारीच्या पदरात काही पडत नाही.

म्हणून सूत्र पुरतं असं सांगता येईल. आपलं काम झाकावं, दुसऱ्याचं उघड करून सांगावं. आपण नेमकं उलट करतो. स्वतःचं काम ग्रुपवर टाकतो आणि दुसऱ्याचं गृहीत धरतो. इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आम्हा इंदूरकरांना त्याचा केवढा अभिमान! पण रात्री आपण झोपलेले असताना रस्ते झाडणाऱ्या बायकांपैकी किती जणींचं नाव आपल्याला माहीत आहे?

शेतावरच्या कामगार दादांचंच घ्या. आपल्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्री येते. रात्री दोनला मोटर सुरू करून, थंडीत पायात चिखल घेऊन पाणी फिरवायचं काम ते वर्षानुवर्षं करत आहेत. कुठल्या झाडाला केव्हा कीड लागते, कुठला बांध कुठे फुटतो, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं आपल्यापैकी कुणालाही कळत नाही. या वर्षापासून फळ्यावर सगळ्यात वर त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव लिहिलं आहे, आणि रात्रपाळीचा मोबदला वेगळा ठरला आहे. हेही सेवेचंच अंग समजावं. ज्याचं काम आजवर आपल्या पायाखाली दबलं होतं, त्याला वर आणणं.

आच्छादनाचा एक बारकावा शेतावर सगळ्यांना आवर्जून सांगितला जातो. पाला झाडाच्या बुंध्याला टेकवायचा नाही, चार बोटं मोकळी सोडायची. नाहीतर ओलीनं खोड कुजतं. झाकणंसुद्धा असं बेतानं हवं. आजारी असताना गप्प राहून कष्ट करणं, पाठ धरली असताना साठ मटके भरणं, याला कुणी सेवा समजू नये. थकलात तर सांगा. वय झालं असेल तर सावलीत बसून बिया निवडा, त्याचीही गरज असतेच. अहंकार झाकायचा आहे, माणूस गुदमरवायचा नाही.

आता ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यात माणसं भरपूर असतात. खरी निकड आहे ती चैत्र ते ज्येष्ठ. तेव्हा शेजारच्या शेतांतून गव्हाची नरवाई पेटवून देतात. ती पेटवण्याआधी विनंती करून काड आणायचं असतं. कॉलनीतल्या बागांचा पाला पोत्यांत भरून आणायचा असतो. मटके भरणं आहेच. दर पंधरवड्याला जीवामृत करायचं: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. राहण्याची सोय साधी आहे. जाडसर सुती कपडे, टोपी किंवा पंचा, बॅटरी आणि स्वतःची औषधं बरोबर ठेवा. आल्यावर फळ्यावर नाव लिहिताना आधी रिकामा रकाना पाहा, मग खडू उचला.

आणि ज्यांना येणं शक्य नाही, त्यांनी हळहळू नये. घर हेसुद्धा शेतच आहे. येत्या गुरुवारपर्यंत एवढंच करून पाहू या. एक काम असं करायचं की ते कुणी केलं हे घरात कुणालाही कळणार नाही. आणि घरातल्या किंवा दारातल्या ज्या एका माणसाचं काम आजवर आपण गृहीत धरलं, त्याचं नाव घेऊन, चारचौघांत, ते काम बोलून दाखवायचं. पहिलं सोपं वाटेल. दुसऱ्याला जीभ जड होईल. जड झाली तर समजावं की माती तिथेच उघडी पडली आहे, आणि पहिलं काड तिथेच टाकायचं आहे.

श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु.

जय गुरुदेव.

— शेत-सेवा समितीतर्फे एक गुरुभगिनी, इंदूर